एक्केचाळीस नंबरची काच

आमच्या लॅबमध्ये त्यांना सगळे भिंगदादा म्हणायचे. बावीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून त्यांचा डावा डोळा थोडा बारीक झाला होता. माणसाशी बोलतानाही तो अर्धवट मिटून ते उजव्यानेच बघत. मी नोकरीला लागले तेव्हा ते पंचेचाळिशीचे असतील. मी तेवीसची, नुकतंच लग्न झालेली.

लॅब म्हणजे एक्स-रेच्या मागची एक लांबट खोली. एकच खिडकी, तीही जनरेटरच्या जाळीकडे उघडणारी. दोन टेबलं, दोन मायक्रोस्कोप आणि रंग सांडून कायमचं जांभळं झालेलं एक सिंक. स्लाइडला भिंगदादा काच म्हणत. काच कशी सुकवायची, जांभळा रंग किती वेळ ठेवायचा, स्पिरिटने धुताना हात कधी थांबवायचा, हे सगळं मला त्यांनी शिकवलं. शिकवताना कधी आवाज चढवला नाही. कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्यांना एकच खोड होती, लोकांना हसवायची. दिवसभर लघवी, थुंकी आणि रक्त बघणाऱ्या माणसाने हसायचं नाही तर करायचं काय, असं ते म्हणत. आमचा शिपाई, एक्स-रेवाला, मी, सगळे त्यांच्या टेबलाभोवती चहाला जमायचो ते त्यांच्या बोलण्यासाठीच.

त्या वर्षी डॉक्टरबाईंनी एक अभ्यास हाती घेतला. पाळणा लांबवण्यासाठी बायका जी साधनं वापरतात, म्हणजे रोजच्या गोळ्या, तीन महिन्यांचं इंजेक्शन, तांबी, त्यांचा योनीतल्या जंतूंवर आणि तिथल्या रोगप्रतिकारशक्तीवर काय परिणाम होतो ते बघायचं होतं. पहिल्या दिवशी बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून नीट समजावलं. तिथे चांगले जंतू असतात, लांबट आणि जाड. ते आंबटपणा राखतात आणि वाईट जंतूंना पाय रोवू देत नाहीत. काही कारणाने ते कमी झाले की बारीक ठिपक्यांसारखे दुसरे जंतू माजतात. मग स्राव वाढतो, वास येतो. संप्रेरकांच्या साधनांनी ही वस्ती बदलते का, हा प्रश्न होता. बाई म्हणाल्या, "आणि एक लक्षात ठेवा. याचा अस्वच्छतेशी संबंध नाही. उलट ज्या बायका आतून जंतुनाशकाने धुतात त्यांचेच चांगले जंतू मरतात."

आम्ही माना डोलावल्या.

नमुने वस्त्यांमधल्या आरोग्य केंद्रांतून यायचे, दर गुरुवारी, एका निळ्या डब्यातून. एका बाईचे महिन्यातून एकदा दोन नमुने. एक बर्फातून दुसऱ्या शहरातल्या मोठ्या लॅबला जायचा. तिथे प्रतिकारशक्तीची प्रथिनं मोजत. दुसरा आमच्याकडे. आम्ही काच करायची, रंगवायची, तेलाचा थेंब टाकून बघायची आणि शून्य ते दहा गुण द्यायचे. कमी गुण म्हणजे चांगलं. शिवाय नमुन्यावर क्षाराचा थेंब टाकून वास घ्यायचा आणि रकान्यात 'आहे' किंवा 'नाही' लिहायचं. कुठेही नाव नव्हतं, फक्त नंबर. नावांची यादी अभ्यासाच्या सिस्टरकडे, कुलपात.

नाव नसलं की माणसाची जीभ सैल सुटते. दुसऱ्याच गुरुवारी भिंगदादांनी काचांना नावं ठेवायला सुरुवात केली. चांगली काच म्हणजे बाग. मधली म्हणजे मोकळं मैदान. आणि वाईट म्हणजे मासळीबाजार. त्यातली एक्केचाळीस नंबरची काच पहिल्यापासून वाईट होती. दहापैकी नऊ. क्षाराचा थेंब टाकल्यावर त्यांनी खुर्ची मागे ढकलली, नाकाला रुमाल लावला आणि शिपायाला हाक मारली, "अरे, पाटी लाव बाहेर. बाजार भरलाय."

शिपाई हसला. मी तर पोट धरून हसले. खरं सांगायचं तर मी तेव्हा गोळ्या घेत होते, आणि आदल्या आठवड्यात सगळे जेवायला गेल्यावर मी स्वतःची काच करून गुपचूप बघितली होती. ती स्वच्छ निघाली. त्या जोरावर मी हसत होते.

पुढचं मला त्यांनी फार वर्षांनी सांगितलं. ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने मी सांगते.

भिंगदादांची बायको शाळेचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात कामाला होती. मागच्या खोलीत तीन मशिनं, तीन बायका. घरी दोन मुली, मोठी नववीत. धाकटीच्या पाठीवर आता पुरे असं ठरलं तेव्हा भिंगदादा म्हणाले होते, "ते तू बघ काय ते." तिने बघितलं. सहा वर्षं ती दर तीन महिन्यांनी आरोग्य केंद्रात जाऊन इंजेक्शन घेऊन येत होती. या माणसाला ते कुठल्या दंडात देतात हेही माहीत नव्हतं.

गेलं वर्षभर ती मुलींच्या खोलीत झोपत होती. तुम्ही घोरता, असं तिने सांगितलं आणि यांनी ते मानलं. दुकानात ती आपलं मशीन ओढून दाराजवळ घेऊन बसायची, उजेड बरा मिळतो म्हणून. टॉवेल वेगळा ठेवायची. हे सगळं भिंगदादांच्या डोळ्यांसमोर होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तशातली गत.

त्या महिन्यापासून मात्र बायको त्यांच्या कामाची चौकशी करू लागली. लग्नाला सतरा वर्षं झाली, कधी विचारलं नव्हतं. आता गुरुवारी जेवताना म्हणायची, "आज काय काय आलं तुमच्याकडे?"

भिंगदादा खूश झाले. मुली लवकर जेवून क्लासला गेलेल्या असत, त्यामुळे बोलायला मोकळीक होती. त्यांनी अभ्यासाचं सांगितलं, बाग आणि बाजार सांगितला. "एक एक्केचाळीस नंबर आहे," ते म्हणाले, "काय सांगू तुला. लॅबमधली ती नवी पोरगी हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. तिचा नवरा कसा नांदत असेल देव जाणे."

"म्हणजे काय झालेलं असतं तिला?" बायकोने विचारलं. ती तेव्हा भाजी वाढत होती.

"काय होणार? जंतू."

"बरं होतं का ते?"

"औषध देतील. पण अशा बायकांना सांगून काही उपयोग नसतो गं."

पुढच्या महिन्यात एक्केचाळीस नंबरचे गुण आठ आले. तेही त्यांनी घरी सांगितलं. औषध घेऊनही परत तेच, म्हणाले, काही बायका धूतच नाहीत.

हे वाक्य खोटं आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं. मला हे सांगताना ते म्हणाले, "लोकांनी हसावं म्हणून मी खोटं बोललो. आणि तिथे लोक कुठे होते? एकटी तीच होती. तीही हसली नव्हती."

तिसऱ्या महिन्यात निळ्या डब्यात एक्केचाळीस नंबर नव्हता. चौथ्यातही नाही. नमुने पोचवायला आलेल्या सिस्टर हळहळल्या. "अशी मधेच सोडून गेली की सगळं वाया जातं. एकटीच गळली, बाकी सगळ्या येतात. रविवारी घरी जाऊन बघते." भिंगदादा म्हणाले, "जाऊ द्या सिस्टर, तेवढीच हवा मोकळी." सिस्टरांनी त्यांच्याकडे बघितलं आणि रिकामा डबा उचलून निघाल्या.

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला भिंगदादा पंख्याची पाती पुसत स्टुलावर उभे होते. बायको मोठ्या मुलीला घेऊन चष्म्याच्या दुकानात गेली होती. दार वाजलं. त्यांनी उतरून उघडलं तर दारात सिस्टर. हातात फाइल, खांद्याला पिशवी, कपाळावर घाम.

"तुम्ही?" सिस्टर म्हणाल्या.

"या की. इकडे कशा?"

सिस्टरांनी दारावरचा घर नंबर बघितला, मग फाइल छातीशी धरली. "चुकून आले वाटतं. पलीकडची गल्ली असेल." आणि पाणीही न घेता जिना उतरल्या. जाताना त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

भिंगदादा दारात तसेच उभे. हातातल्या फडक्याचं पाणी पायावर गळत होतं. सिस्टर रविवारी एकाच घरी जाणार होत्या. गळली होती एकटीच. मला सांगताना ते म्हणाले, "मला गणित करावंच लागलं नाही. सगळ्यात आधी आठवलं ते भाजी वाढताना थांबलेला तिचा हात."

त्या दिवशी ते बायकोशी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. जेवताना मान खाली घालून जेवत. तिनेही विचारलं नाही, आणि गुरुवार आला तरी कामाची चौकशी केली नाही. आम्हाला लॅबमध्ये एवढंच दिसलं की भिंगदादा गप्प झालेत. शिपायाला वाटलं पोट बिघडलंय.

पुढच्या मंगळवारी त्यांनी दुपारची सुट्टी घेतली. बायकोचं दुकान त्या दिवशी बंद असायचं. मुली शाळेत होत्या. ती खिडकीशी बसून एका फ्रॉकची शिवण उसवत होती. ते समोर जमिनीवर बसले.

"सिस्टर आल्या होत्या रविवारी," ते म्हणाले.

"माहीत आहे. त्यांनी दुकानात फोन केला. रडवेल्या झाल्या होत्या बिचाऱ्या. तुमचे मिस्टर लॅबमधले आहेत हे मला ठाऊक नव्हतं, म्हणाल्या. मीच सांगितलं नव्हतं."

"तू मला का नाही सांगितलंस?"

तिने उसवणं थांबवलं नाही. "सांगितलं असतं तर काय केलं असतं तुम्ही?"

"औषध आणलं असतं."

"आणि हसला असतात."

"तुझ्यावर नसतो हसलो."

"माझ्यावरच हसलात. माझ्या ताटासमोर बसून हसलात."

रस्त्यावरून एक ट्रक गेला, खिडकीची काच थरथरली आणि थांबली. मग तीच बोलली, खाली बघून, मापं सांगावीत तशा सपाट आवाजात.

"दीड वर्ष झालं हे सुरू होऊन. दुकानात शेजारीण नाकाला पदर लावते असं मला वाटायचं. लावत नसेलही. मी दिवसातून दोनदा जंतुनाशकाने धुवायला लागले. डॉक्टरला दाखवायची हिंमत होईना. केंद्रात सिस्टर म्हणाल्या, नाव लागत नाही, नंबर देतो. मला कळलं की काचा तुमच्याकडे जाणार. मी म्हटलं, बरंच आहे. यांना कळणार नाही कोणाची, पण घरी येऊन बोलतील तर मला कळेल मला काय झालंय ते. म्हणून विचारत होते मी."

भिंगदादांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"तुम्ही म्हणालात, धूतच नाहीत. मग मी तीनदा धुवायला लागले. आग व्हायची. तरी धुवायचे."

"ते खोटं होतं," ते म्हणाले. "धुतल्यानेच बिघडतं. मला माहीत होतं."

तेव्हा मात्र तिने वर बघितलं. मला ते सांगत होते, "इतक्या वर्षांत तिने मला शिव्या दिल्या असतील, अबोला धरला असेल. पण त्या दिवशी तिने बघितलं तसं कधी बघितलं नव्हतं. ती म्हणाली, माहीत होतं? एवढंच. मी हो म्हटलं. ती उठून मोरीत गेली, जंतुनाशकाची बाटली घेऊन आली आणि माझ्या समोर ठेवली. म्हणाली, ही तुम्हीच ओता."

त्यांनी ती ओतली. नंतर क्षमा मागितली. तिने ऐकून घेतलं, पण असू दे म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते डॉक्टरबाईंच्या केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. एक्केचाळीस नंबर कोण आहे हे आपल्याला कळलंय आणि अभ्यासातल्या काचांबद्दल आपण घरी बोलत होतो, असं त्यांनी सांगून टाकलं. बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं, सही घेतली. मग विचारलं, "नंबर का दिले होते आपण?"

"कोण ते कळू नये म्हणून."

"त्या बायकांना तोंड लपवावं लागू नये म्हणून," बाई म्हणाल्या. "तुम्ही जा आता."

थोड्या वेळाने बाई लॅबमध्ये आल्या. "एक्केचाळीस नंबर परत आला तर यापुढे तू वाचायचास," मला म्हणाल्या. का, ते सांगितलं नाही. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "इथे काचांवर विनोद होतात असं ऐकलं. हसायला कोणकोण असतं?"

शिपायाने मान खाली घातली. भिंगदादा म्हणाले, "विनोद माझेच असतात बाई." मी सिंकपाशी होते. तबक धुऊन झालं होतं तरी मी ते पुन्हा धुवायला घेतलं. मीही हसते, एवढं म्हणायला काय लागलं असतं? ते मी म्हटलं नाही.

एक्केचाळीस नंबर पुढच्या महिन्यात परत आला. मी वाचला. आठ. मग सात, मग पाच. त्या वेळी काचेवर पहिल्यांदा दोन-चार लांबट जंतू दिसले. पुढे तीन आले आणि एकदम परत सात. हे दुखणं चिवट असतं, गेलं म्हणता म्हणता उलटतं. गुरुवारी काच बघून मी वर बघितलं की भिंगदादा माझ्याकडे बघत असायचे, दोन्ही डोळे उघडे ठेवून. विचारत काही नसत. मी वेंधळी, मला वाटायचं माझं वाचन बरोबर येतंय का ते तपासतायत. मी त्यांना हसून दाखवायचे.

दीड वर्षाने अभ्यास संपला. बाई म्हणाल्या की निकाल काही सरळ आला नाही. अमुक साधन वाईट नि तमुक चांगलं असं सरसकट म्हणता येत नाही, बाईगणिक फरक पडतो. एक्केचाळीस नंबरची शेवटची काच दोन गुणांची होती.

तो अभ्यास चालू असतानाच एक गोष्ट घडली होती. भिंगदादांनी तीन दिवसांची रजा टाकली आणि परत आल्यावर आठवडाभर जपून बसत होते, जपून उठत होते. एक्स-रेवाल्याला कुठून तरी कळलं. भिंगदादांनी स्वतःची नसबंदी करून घेतली होती. मग काय, सगळ्या मजल्यावर चर्चा. वळूचा बैल झाला, दुकानाला टाळं लागलं, ज्याला जे सुचेल ते. पूर्वी असं काही झालं असतं तर सगळ्यात पुढे तेच असते. आता ऐकून घेत होते. एकदा फक्त म्हणाले, "सहा वर्षं तिने सुई टोचून घेतली. माझं एकदाच टोचायचं होतं."

तीन महिन्यांनी त्यांची तपासणी होती. बीज उरलंय का ते बघायला नमुना द्यावा लागतो. गावात तीन खाजगी लॅब होत्या. त्यांनी तो आमच्याच लॅबमध्ये आणला आणि माझ्या टेबलावर ठेवला. बाटलीवर त्यांचं पूर्ण नाव, वय, पत्ता, ठसठशीत अक्षरात.

"बाहेर दिला असतात तरी चाललं असतं," मी पुटपुटले.

"हो," ते म्हणाले. "बघ तू."

शिपाई दारात उभा होता, एक्स-रेवाला त्याच्या मागे. भिंगदादांचे कान लाल झाले होते. ते खोलीबाहेर गेले नाहीत. मी काच केली, सगळी फिरवून बघितली, दुसरी केली, तीही बघितली. काही नव्हतं. रजिस्टरमध्ये शून्य लिहिलं. त्यांनी सही केली आणि आपल्या टेबलावर जाऊन कामाला लागले. बायकोचं इंजेक्शन त्या महिन्यात बंद झालं. पाळी ठिकाणावर यायला तिला पुढे आठ-नऊ महिने लागले.

हे सगळं त्यांनी मला निवृत्त होण्याच्या आठवड्यात सांगितलं, कपाट आवरताना. मी हातातल्या काचा खाली ठेवून ऐकत होते. ऐकता ऐकता त्या सगळ्या गुरुवारांची मला आठवण येत गेली आणि कुठे बघावं ते कळेना. मी विचारलं, "हे मला सांगितलेलं त्यांना चालेल का?"

"तिला विचारूनच सांगतोय. आधी नको म्हणाली होती. मग म्हणाली, सांगा, हसायची ती तीच ना."

"आता कशा आहेत त्या?"

"बरी आहे. मधे दोनदा उलटलं, पण आता सरळ सांगते मला, मी औषध आणतो." कपाटाचा खण पुसत ते म्हणाले, "मुलींच्या खोलीतून आली नाही परत. मोठी शिकायला गेली, मग धाकटीही गेली, खोली मोकळी झाली, तरी तिथेच झोपते. मी म्हणत नाही काही."

त्यानंतर दोन वर्षांनी माझ्या मुलीला शाळेचा गणवेश शिवून घ्यायचा होता. दुकानात माप घ्यायला आतून एक बाई आल्या. गळ्यात टेप, चष्मा कपाळावर. मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, पण मागून मालकाने हाक मारली तेव्हा आडनाव कळलं. दीड वर्षाचे त्यांचे सगळे गुण मला पाठ होते.

त्यांनी मुलीचे खांदे मोजले, छाती मोजली. पाठ सरळ ठेव गं, म्हणाल्या. मग सहज माझ्याकडे वळल्या. "तुम्ही कुठे असता कामाला?"

"हॉस्पिटलमध्ये."

"कुठल्या खात्यात?"

रस्त्यानं येताना कोणी विचारलं असतं तर मी लॅब म्हटलं असतं. त्यांच्यासमोर माझ्या तोंडातून निघालं, "रेकॉर्डमध्ये. कागदपत्रं बघते."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग टेप मुलीच्या कमरेभोवती फिरवली, आकडा वहीत टिपला आणि म्हणाल्या, "घेर थोडा ठेवते जास्त. वाढत्या अंगाची आहे. शुक्रवारी या."

शुक्रवारी मी नवऱ्याला पाठवलं.